अवकाशयानाचे खेळ आणि आकाशाचें गणित

क्रिकेटचें एक षट्क सहा चेंडूंचें असावें कीं आठ, हा प्रश्न मंडळानें बसून ठरवावयाचा असतो. ऑस्ट्रेलियांत कित्येक वर्षें तें आठ चेंडूंचें होतें, आणि त्यास षट्क म्हणावें कीं अष्टक याची विवंचना मराठी वार्ताहरांनीं करावी! सर्वच खेळांचे नियम असे मनुष्याच्या हातचे असतात. परंतु गेल्या साठ वर्षांत असा एक खेळ उदयास आला आहे, कीं ज्याचे नियम बदलण्याचा अधिकार कोणत्याही पंचास नाहीं. संगणकाच्या पडद्यावर खेळाडूनें अवकाशयान उडवावयाचें. मात्र तें यान न्यूटनच्या नियमांनींच चालावयाचें. इंधन संपलें म्हणजे संपलें. वेग अधिक झाला तर यान आपटलेंच. शत्रूची विमानें पाडण्याचे खेळ पुष्कळ आहेत आणि त्यांत वाऱ्याची दिशा नि पृथ्वीचें आकर्षण हीं खेळ रचणाराच्या सोयीप्रमाणें असतात वा नसतात. येथें ज्यांचा विचार करावयाचा ते खेळ त्या जातीचे नव्हत.

या खेळांचें बीज न्यूटनच्याच लेखनांत सांपडतें. 'प्रिन्सिपिया' हा त्याचा ग्रंथ १६८७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच विषयावरील त्याचें एक सुगम लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७२८ सालीं छापलें गेलें. अत्यंत उंच पर्वताच्या शिखरावर तोफ ठेवून गोळा आडवा सोडला, तर तो थोड्या अंतरावर पडेल. दारू वाढविली तर अधिक दूर पडेल. आणि पुरेसा वेग दिला तर तो खालीं पडत पडतच पृथ्वीभोवतीं फिरूं लागेल, अशी ती कल्पना. हवेचा अडथळा नसेल तर यासाठीं दर सेकंदास सुमारें ७.९ किलोमीटर वेग लागतो. तोफेची दारू थोडी थोडी वाढवून काय घडतें तें पाहणें, हा खेळच आहे. न्यूटनपाशीं कागद होता, गणकयंत्र नव्हतें, एवढाच भेद.

तें यंत्र १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत उपलब्ध होतें. तेथें स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं 'स्पेसवॉर' नांवाचा खेळ रचला. पडद्याच्या मध्यभागीं एक तारा व त्याभोवतीं एकमेकांवर मारा करणारीं दोन यानें. ताऱ्याचें आकर्षण खेळांत घालण्याचें काम डॅन एडवर्ड्स यानें केलें, आणि पीटर सॅमसन यानें मागील आकाशांत खऱ्या नक्षत्रांची मांडणी केली. मात्र त्या यंत्राची शक्ति इतकी तुटपुंजी होती, कीं यानांस ताऱ्याचें आकर्षण लागू केल्यावर यानांतून सुटणाऱ्या अस्त्रांसाठीं गणित करावयास वेळच उरेना. म्हणून अस्त्रें सरळ रेषेंत जात. तीं निसर्गाच्या नियमांतून मुक्त होतीं. खऱ्याखुऱ्या आकर्षणाचा पहिला खेळ आणि त्यांत पहिल्याच दिवशीं केलेली ही काटछांट, दोन्ही एकाच वेळीं जन्मास आलीं. पुढचा सर्व इतिहास अशा काटछाटींचाच आहे.

१९६९ च्या जुलै महिन्यांत आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन हे चंद्रावर उतरले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं लेक्सिंग्टन गांवच्या शाळेंतील जिम स्टोरर नांवाच्या विद्यार्थ्यानें शाळेच्या पीडीपी-८ या संगणकावर 'फोकल' भाषेंत चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. त्यास चित्र नव्हतें, पडदाही नव्हता. टंकयंत्रावर आंकडे उमटत व खेळाडूनें उत्तरादाखल एक आंकडा दाबावयाचा. यान चंद्रापासून १२० मैल उंच आहे. तें सेकंदास एक मैल या वेगानें सरळ खालीं येत आहे. इंधन सुमारें १६ हजार पौंड आहे. दर दहा सेकंदांनीं यंत्र विचारतें, कीं पुढील दहा सेकंदांत दर सेकंदास किती पौंड इंधन जाळावयाचें? उत्तर शून्य, नाहीं तर ८ ते २०० च्या दरम्यान असलें पाहिजे. उत्तर दिलें कीं नवी उंची, नवा वेग व उरलेलें इंधन छापून येतें. वेग ताशीं एक मैलाच्या आंत असतां भूमीस टेकलें तर उत्तम. फारच जोरानें आपटलें तर चंद्रावर नवा खड्डा पडल्याचें वर्तमान यंत्रच देतें आणि त्याची खोलीही सांगतें.

नवशिका खेळाडू भिऊन आरंभापासूनच इंजिन चालू ठेवतो, आणि त्यांतच त्याचा घात होतो. यान हळू हळू उतरत असतां प्रत्येक सेकंदास चंद्राचें आकर्षण त्यास खालीं ओढीतच असतें. तेवढी ओढ थोपविण्यांतच इंधन खर्ची पडतें व प्रत्यक्ष वेग कमी करण्यास तें उरत नाहीं. उलट, यान बराच वेळ मोकळें पडूं द्यावें आणि अगदीं शेवटीं इंजिन पुऱ्या शक्तीनें चालवावें, म्हणजे इंधन सर्वांत कमी लागतें. पण तो क्षण दोन सेकंदांनीं जरी चुकला तरी सर्वनाश! काटकसर आणि सुरक्षितता यांचा हा झगडा एका शाळकरी मुलाच्या खेळांत जितका उघडा दिसतो, तितका पुष्कळ जाड्या ग्रंथांतूनही दिसत नाहीं. डेव्हिड अहल यानें हा खेळ 'बेसिक' भाषेंत आणून १९७३ च्या आपल्या संगणकखेळांच्या पुस्तकांत छापला, आणि तेथून तो जगभर गेला.

या खेळाचें गणित पाटीवरही करून पाहतां येतें. खेळांत चंद्राचें आकर्षण असें धरलें आहे, कीं दर सेकंदास वेग एक सहस्रांश मैलानें वाढावा. इंजिन बंद ठेवलें तर पहिल्या दहा सेकंदांनीं वेग १.०१ मैल होतो व यान १०.०५ मैल उतरतें. उंची राहते १०९.९५ मैल. आणखी दहा सेकंदांनीं वेग १.०२ मैल आणि उंची ९९.८० मैल. आतां एखाद्या आळशी गणकानें असें केलें, कीं प्रत्येक दहा सेकंदांच्या आरंभीं जो वेग असेल तोच सर्व वेळ होता असें मानलें, तर त्यास प्रथम ११० व नंतर ९९.९० मैल उंची मिळेल. वीस सेकंदांतच एक दशांश मैलाची, म्हणजे ५२८ फुटांची चूक! तोच आळशी गणक दहांऐवजीं एकेका सेकंदाचें पाऊल टाकील, तर चूक सुमारें ५३ फुटांवर येते. पाऊल जितकें लहान तितकें सत्य जवळ, आणि तितकाच श्रम अधिक.

क्षणोक्षणीं बदलणारी गति धरण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राच्या ज्योतिषास अपरिचित नव्हता. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि'त तात्कालिक गतीचा विचार केला आहे. ग्रहाची दिवसाची सरासरी गति आणि त्या विशिष्ट क्षणाची गति यांत त्यांनीं भेद केला. चंद्राची गति फार लवकर पालटते. म्हणून तिथि संपण्याचा काळ जवळ असतां तिचें गणित तात्कालिक गतीनेंच करावें, असा त्यांचा अभिप्राय आहे. पृथ्वीच्या ठिकाणीं जड पदार्थ ओढण्याची शक्ति आहे असेंही ते म्हणतात. मात्र त्यावरून त्यांस न्यूटनचा नियम सांपडला होता असें म्हणणें हा भक्तीचा अतिरेक होय. त्या शक्तीचें माप व अंतराशीं तिचें नातें हीं त्यांच्या ग्रंथांत नाहींत. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें शके ११२८ मधील (इ. स. १२०७) एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून स्थापिलेल्या मठास निकुंभ वंशांतील सोइदेव यानें दिलेल्या देणगीचा तो लेख होय. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून मठास कोणीं काय द्यावयाचें याचा तपशील त्यांत आहे. आकाशाचें गणित शिकविण्यासाठीं खानदेशांत आठशें वर्षांपूर्वीं अशी शाळा होती, ही गोष्ट नवापूरपासून भुसावळपर्यंतच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावयास हवी.

परंतु श्रम वांचविण्याचा मोह गणितज्ञांसही सुटत नाहीं, आणि तो नेहमींच वाईट असतो असेंही नाहीं. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें (इ. स. १५२०) 'ग्रहलाघव' लिहिला. पूर्वींच्या गणितांत ज्या व चाप यांचीं किचकट कोष्टकें लागत. गणेशानें तीं अजिबात वगळून, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांवर भागेल अशा युक्त्या योजिल्या. सामान्य जोशालाही पंचांग करतां येऊं लागलें आणि तीनशें वर्षें महाराष्ट्रांत त्याच ग्रंथाचें राज्य चाललें. पण लहान लहान चुका दर वर्षीं सांचत गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकांत पंचांगांतील ग्रह व आकाशांतील ग्रह यांत फरक दिसूं लागला. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं युरोपीय वेधांवर आधारलेलीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' मराठींत प्रसिद्ध केलीं, तीं याच कारणास्तव. त्यावरून निघालेल्या पटवर्धनी पंचांगास विरोध करणारांची संख्या काय थोडी होती? ज्या पंचांगानें पूर्वज सण करीत आले तें एकदम चुकीचें कसें ठरवावें, असा त्यांचा सवाल. आकाश मात्र या वादांत कोणाचीच बाजू घेत नव्हतें.

संगणकावरील खेळांतही हेंच घडत आलें आहे. स्टोररच्या खेळांत यान नुसतें सरळ खालीं येतें. खरें यान प्रथम आडवें, प्रचंड वेगानें चंद्राभोवतीं फिरत असतें. शिवाय त्यानें १२० मैलांवरही आकर्षण पृष्ठभागाइतकेंच धरलें आहे. वस्तुतः तेथें तें सुमारें एक पंचमांशानें कमी असतें. या झाल्या जाणूनबुजून केलेल्या काटछाटी. त्याखेरीज एक चूकही राहून गेली होती. उतरणारें यान त्या दहा सेकंदांतच थांबून पुन्हां वर उठूं लागेल काय, हें पाहण्याच्या सूत्रांत एके ठिकाणीं दोननें भागावयाचें राहिलें होतें. पन्नासांवर वर्षें लोक हा खेळ खेळले, त्याच्या अनेक नकला निघाल्या, आणि ती चूक मार्टिन नांवाच्या एका अभ्यासकानें २०२४ सालीं उघडकीस आणली. कमींत कमी इंधनांत उतरण्याचा सर्वोत्तम मार्ग शोधूं गेला असतां खेळाचें उत्तर त्याच्या गणिताशीं जुळेना, म्हणून तो मूळ सूत्रापर्यंत पोंचला. शाळेंतील मुलाच्या हातून झालेली ही चूक क्षम्य आहे. पन्नास वर्षें कोणीं ताळा पाहिला नाहीं, हें मात्र विचार करण्यासारखें आहे.

२००० सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील मार्टिन श्वायगर यानें 'ऑर्बिटर' हा खेळ प्रसिद्ध करून फुकट वाटला. २०२१ सालीं त्याची मूळ संहिताही सर्वांस खुली केली. यांत सूर्यमाला खऱ्या मापाची आहे, आणि ग्रहांचीं स्थानें पॅरिस येथील ज्योतिर्विदांनीं १९८७ सालीं सिद्ध केलेल्या सूत्रांवरून काढिलीं आहेत. यांत शत्रु नाहीं, गुण नाहींत, बक्षीस नाहीं. कक्षेंत पोंचावें, दुसऱ्या यानास जाऊन मिळावें, सुखरूप परत यावें, एवढेंच. खेळाडूस नियम पाठ करावे लागतात आणि पुष्कळजण पहिल्या आठवड्यांतच कंटाळून सोडून देतात. खेळ म्हणून तो रुक्ष आहे, हें कबूल केलेंच पाहिजे.

मेक्सिकोंतील फेलिपे फलांगे याचा 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा खेळ त्याच्या अगदीं उलट स्वभावाचा. त्याचें पहिलें रूप २०११ च्या जूनमध्यें लोकांपुढें आलें व पूर्ण आवृत्ति २०१५ च्या एप्रिलमध्यें निघाली. हिरव्या रंगाचे, बटबटीत डोळ्यांचे बुटके प्राणी यानांत बसलेले, आणि खेळाडूनें सुटे भाग जोडून यान स्वतःच बांधावयाचें. तें बहुधा प्रथम उडण्याच्या जागींच फुटतें. हंसतां हंसतां मुलांस कळून येतें, कीं इंधन दुप्पट घेतल्यानें यान दुप्पट दूर जात नाहीं, कारण नवें इंधन वाहून नेण्यासाठींच आणखी इंधन लागतें. रशियांतील त्सिओल्कोव्हस्की या बहिऱ्या शाळामास्तरानें १९०३ सालीं प्रसिद्ध केलेलें सूत्र तें हेंच. अमेरिकेच्या नासा संस्थेनेंही २०१४ सालीं या खेळाशीं सहकार्य करून लघुग्रह पकडण्याच्या मोहिमेची भर त्यांत घातली.

या खेळांतही 'ग्रहलाघव' आहेच. त्यांतील पृथ्वीसारख्या ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडी कमी. आकर्षण मात्र पृथ्वीइतकेंच. त्यामुळें कक्षेंत जाण्यास सेकंदास ७.८ किलोमीटरऐवजीं सुमारें सव्वादोन किलोमीटर वेग पुरतो व थोड्या मिनिटांत काम होतें. दुसरी काटछांट अधिक सूक्ष्म आहे. कोणत्याही क्षणीं यानावर एकाच गोलाचें आकर्षण चालतें. ग्रहाभोवतीं एक अदृश्य सीमा मानली आहे. ती ओलांडतांच एकाचा अंमल संपतो व दुसऱ्याचा सुरू होतो.

अशी रेघ नवापूरच्या रेल्वे स्थानकावर प्रत्यक्ष पाहावयास मिळते. १९६० च्या १ मे रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं तेव्हां ती या स्थानकावरूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत व स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेंत. परंतु फलाटावरच्या प्रवाशाची भाषा, सोयरीक किंवा बाजारहाट त्या रेघेपाशीं थांबत नाहीं. दोन्ही बाजूंची ओढ त्यास एकदमच असते. अवकाशयानाचेंही तसेंच आहे. पृथ्वी, चंद्र व सूर्य त्यास सदैव एकसमयावच्छेदेंकरून ओढीत असतात. या तिहेरी ओढीमुळें काय साधतें, याचें उदाहरण भारताचें आदित्य एल-१ हें यान होय. २ सप्टेंबर २०२३ रोजीं सुटलेलें हें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूस, अशा ठिकाणीं पोंचलें कीं जेथें सूर्य व पृथ्वी या दोघांच्या आकर्षणाचा मेळ बसून यान पृथ्वीच्याच बरोबरीनें वर्षांत एक फेरी करितें. मूळच्या कर्बल खेळांत हें ठिकाण अस्तित्वांतच नाहीं! त्या खेळावरच विसंबणाऱ्या मुलास आदित्य यानाचा मार्ग अशक्य वाटेल. ही उणीव ओळखून कांहीं हौशी गणितज्ञांनीं सर्व गोलांचें आकर्षण हिशेबांत घेणारी एक पुरवणी तयार करून फुकट दिली आणि तिचें नांव ठेविलें 'प्रिन्सिपिया'.

इतक्या उणिवा असूनही हे खेळ जें शिकवितात तें पुस्तकानें शिकविणें कठीण. कक्षेंत पुढें असलेल्या यानास गांठावयाचें तर वेग वाढवूं नये, कमी करावा; म्हणजे यान खालच्या कक्षेंत उतरतें, तेथील फेरी लवकर पुरी होते, आणि तें आपोआप पुढच्यास गांठतें. हें वाचून पटत नाहीं. १९६५ च्या जून महिन्यांत जेमिनी-४ यानांतील मॅकडिव्हिट या कसलेल्या वैमानिकानें आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याकडे सरळ यान हांकिलें. इंधन जळत गेलें व अंतर वाढत गेलें, आणि अखेर तो नाद सोडावा लागला. आज पंधरा वर्षांचा मुलगा तीच चूक घरीं बसून करितो व दोन संध्याकाळींत सुधारितो. ३० डिसेंबर २०२४ रोजीं सोडलेलीं भारताचीं स्पेडेक्स मोहिमेचीं दोन लहान यानें १६ जानेवारी २०२५ रोजीं एकमेकांस जोडलीं गेलीं. मध्यंतरीं यानें अपेक्षेबाहेर सरकल्यामुळें जोडणी पुढें ढकलावी लागली. ज्यांनीं हा खेळ खेळला होता त्यांस त्या विलंबाचें नवल वाटलें नसेल.

आतां राहिला चंद्रावर उतरण्याचा खरा डाव. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं चांद्रयान-२ चें विक्रम हें यान उतरतांना नष्ट झालें. त्याची मीमांसा इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सोमनाथ यांनीं २०२३ सालीं जाहीरपणें सांगितली. वेग कमी करणाऱ्या इंजिनांनीं अपेक्षेहून थोडा अधिक जोर दिला. त्यामुळें झालेले फरक सांचत गेले. ते दुरुस्त करण्यासाठीं यानास फार जलद वळावें लागलें, परंतु वळण्याच्या वेगास आज्ञावलींत मर्यादा घातलेली होती. आणि उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर लांब व तितकीच रुंद नेमलेली होती. इंजिन दुबळें पडेल ही भीति सर्वांस असते. तें अधिक बळकट निघाल्यानें यान बुडावें, ही गोष्ट स्टोररच्या खेळांत कधींच घडत नाहीं, कारण तेथें इंजिन सांगितलें तेवढेंच काम करितें.

१४ जुलै २०२३ रोजीं निघालेल्या चांद्रयान-३ ची आंखणी करतांना शास्त्रज्ञांनीं विचारण्याचा प्रश्नच बदलला. काय बरोबर होईल हें न पाहतां काय काय चुकूं शकेल याची मोजणी केली. उतरण्याची जागा सुमारें चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली, मधलें पांचवें इंजिन काढून टाकिलें, इंधन वाढविलें, सेकंदास तीन मीटर वेगानें टेकलें तरी मोडूं नयेत असे पाय केले. यानाचें प्रतिरूप हेलिकॉप्टरला व यारीला टांगून उतरण्याच्या चांचण्या झाल्या, आणि संगणकावर उतरण्याचा हाच डाव बिघडलेल्या इंजिनांसह, चुकीच्या मापांसह पुनःपुन्हां मांडला गेला. २३ ऑगस्ट रोजीं सायंकाळीं सुमारें ३० किलोमीटर उंचीवरून, सेकंदास १.६८ किलोमीटर आडव्या वेगांत असतां उतरण्यास प्रारंभ झाला. पृथ्वीवरून हुकूम देऊन यान सांवरण्याइतका अवधि त्या उतरणींत नव्हता. सर्व निर्णय यानांतील संगणकानेंच घ्यावयाचे होते. सुमारें एकोणीस मिनिटांनीं, सहा वाजून चार मिनिटांनीं, यान टेकलें.